काउंटी कोर्टातला जुना खटला शोधून सही-शिक्क्याची प्रत कशी मागवायची? (अमेरिका)

वाटसरू_९५

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लाजिरवाणा आहे, म्हणून नेहमीचा आयडी सोडून हा नवा काढलाय. ओळखलंत तरी ओळख दाखवू नका.

२०१२ च्या गणपतीत न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलायनाला मित्राकडे निघालो होतो. व्हर्जिनियात आय-९५ हायवेवर मामाने बाजूला घेतलं. मर्यादा ताशी ७० मैल, माझा काटा ८४ वर. मला वाटलं स्पीडिंगचं टिकीट. कागदावर 'रेकलेस ड्रायव्हिंग' लिहिलंय हे मुक्कामाला पोचल्यावर बायकोने वाचून दाखवलं. तिथलाच एक वकील फोनवरून ठरवला, तो माझ्या वतीने उभा राहिला, दंड भरला, विषय डोक्यातून गेला.

आता सिटिझनशिपचा अर्ज भरतोय. आमच्या वकीलबाई म्हणतात, त्या केसचं कोर्टाकडून सर्टिफाइड डिस्पोझिशन आणा, म्हणजे निकाल काय लागला त्याचा शिक्क्याचा कागद. अडचण अशी की ती काउंटी कुठली होती हेच आठवत नाही. गूगलवर शोधलं तर वर येणाऱ्या सगळ्या साइट क्रेडिट कार्ड मागतात. हे रेकॉर्ड नक्की असतं कुठे, आणि मागायचं कोणाकडे?

निवांत

बारा-तेरा वर्षांपूर्वीचं टिकीट. कशाला मढं उकरताय? भरा अर्ज, कोणी विचारत नाही.

वैशाली_एडिसन

@निवांत, हा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. मी इमिग्रेशन वकिलाकडे पॅरालीगल, म्हणजे मदतनीस, आहे. एन-४०० मध्ये, म्हणजे सिटिझनशिपच्या अर्जात, प्रश्न 'शिक्षा झाली का' एवढाच नाही. अटक, साइटेशन (पोलिसाने दिलेली चिठ्ठी), आरोप, सगळंच विचारलेलं आहे, आणि रेकॉर्ड सील झालं असलं तरी सांगा असंही म्हटलं आहे. मूळ गुन्ह्याने अर्ज अडत नाही तिथे लपवल्याने अडतो.

आणि वाटसरू, ते 'टिकीट' नव्हतं. व्हर्जिनियात रेकलेस ड्रायव्हिंग हा क्लास १ मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा आहे. कमाल शिक्षा १२ महिने कैद आणि २,५०० डॉलर दंड. तेव्हा ८० च्या वर गेलं की लागायचा. जुलै २०२० पासून ती रेषा ८५ झाली. मर्यादेपेक्षा २० ने जास्त गेलात तरी लागतो. घाबरू नका, बहुतेकांना दंडावरच सोडतात. पण कागद लागणार.

खवचट_खान

आरती चुकू नये म्हणून ८४! बाप्पाने प्रसादाला लायसन्सवर सहा डिमेरिट पॉइंट दिले.

वाटसरू_९५

@खवचट_खान, पोचेपर्यंत आरती झालीच होती. मोदकही संपले होते.

@वैशाली, धन्यवाद. १२ महिने कैद वाचून हात गार पडले. ते वाक्य बायकोला दाखवलेलं नाही.

रिचमंडकर

आमच्या गल्लीतला प्रश्न आला म्हणून लॉगिन केलं.

आधी एक गैरसमज काढून टाका. अमेरिकेत सगळ्या कोर्टांची मिळून एक सार्वजनिक यादी असा प्रकार नाही. तीन हजारांवर काउंट्या, प्रत्येकीचा क्लार्क (कोर्टाचं दप्तर सांभाळणारा अधिकारी) वेगळा, दप्तर वेगळं. राज्याचा म्हणून शोध असतो तो राज्यागणिक निराळा. मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन इथे राज्यभरातले खटले फुकट शोधता येतात. बाकी ठिकाणी नशीब. ज्या साइट पैसे मागतात त्या कोर्टाच्या नाहीतच. त्यांच्या कागदाला इमिग्रेशन ऑफिसर हातही लावणार नाही.

व्हर्जिनियाची आणखी एक गंमत. इथे ९५ काउंट्या आणि त्याशिवाय ३८ स्वतंत्र शहरं आहेत. शहर काउंटीच्या पोटात असलं तरी कायद्याने काउंटीचा भाग नाही. एम्पोरियाला चारी बाजूंनी ग्रीन्सव्हिल काउंटी आहे, पण एम्पोरिया ग्रीन्सव्हिलमध्ये नाही. फेअरफॅक्स सिटी आणि फेअरफॅक्स काउंटीचंही तेच. म्हणून 'अमुक गावाजवळ पकडलं' एवढ्यावर कोर्ट ठरत नाही. समन्सवर कोर्टाचं नाव असतं तेच खरं.

तुम्ही दक्षिणेकडे जात होतात. रिचमंड गेल्यानंतर की आधी, एवढं आठवतंय का? पीटर्सबर्गच्या खाली प्रिन्स जॉर्ज, ससेक्स, ग्रीन्सव्हिल आणि मग कॅरोलायनाची हद्द. तो पट्टा वेगवाल्यांसाठी प्रसिद्धच आहे.

दुसरं, तुमची केस जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात असणार, सर्किट कोर्टात नाही. मोठे गुन्हे आणि अपिलं सर्किटमध्ये, मिसडिमीनर आणि वाहतूक खाली. व्हर्जिनिया ज्युडिशियरीच्या साइटवर शोध फुकट आहे. तिथे 'ट्रॅफिक/क्रिमिनल' विभागात बघा. रेकलेस हा गुन्हा असला तरी केस नंबर बहुधा जीटी ने सुरू होतो, म्हणजे ट्रॅफिक. जीसी म्हणजे क्रिमिनल. लोक फक्त जीसीच्या मागे लागतात आणि 'माझं नाव नाहीच' म्हणून खूश होतात.

वाटसरू_९५

रिचमंड नक्की मागे पडलं होतं. बायकोचं म्हणणं, एका पेट्रोल पंपावर कॉफी घेतली आणि नंतर दहा मिनिटांत पकडलं. पंपाचं नाव तिलाही आठवत नाही, मला नावं ठेवलेली मात्र आठवतात.

जुनाजाणता

काउंटी हुडकायचे सोपे मार्ग. वकिलाला पैसे दिलेत ना? बँकेचं जुनं स्टेटमेंट नाहीतर ईमेल चाळा. वकिलाच्या पहिल्या मेलमध्ये कोर्टाचं नाव आणि तारीख असतेच. पोलिसाने थांबवलं की आठवड्याभरात पाच-पंचवीस वकिलांची जाहिरातपत्रं घरी येतात, ती कोणी ठेवली असतील तर सोनं. तुमचं लायसन्स तेव्हा न्यू जर्सीचं होतं म्हणजे तिथल्या ड्रायव्हर हिस्टरीतही नोंद सापडू शकेल. परराज्यातल्या चुकीचे जर्सी २ पॉइंट लावते.

माझ्या घरी हे काम सौ. करतात. त्यांनी १९९८ पासूनची सगळी बिलं वर्षवार फायलीत लावली आहेत. मी हसायचो. आता हसत नाही.

ऑस्टिनवाला

आमच्याकडचा अनुभव लिहितो, इतरांच्या कामी येईल. टेक्सासात एकाच काउंटीत दोन क्लार्क. फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, असेल तर डिस्ट्रिक्ट क्लार्क, क्लास ए आणि बी मिसडिमीनर असेल तर बहुतेक ठिकाणी काउंटी क्लार्क. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत दोन्ही डिस्ट्रिक्ट क्लार्ककडेच. क्लास सी, म्हणजे साधी टिकीटं वगैरे, ती यातल्या कोणाकडेच नाहीत, ती म्युनिसिपल कोर्टात नाहीतर जस्टिस ऑफ द पीस नावाच्या स्थानिक न्यायाधीशाकडे. त्यात ऑस्टिन शहर ट्रॅव्हिस, विल्यमसन आणि हेज अशा तीन काउंट्यांत पसरलेलं. माझ्या रूममेटने ट्रॅव्हिसमध्ये दोन फेऱ्या मारल्या आणि कागद निघाला विल्यमसनला.

एक महत्त्वाचं. 'डिफर्ड अॅज्युडिकेशन' (निकाल राखून अटींवर सोडणं) घेतलेल्यांनो, शेवटी 'डिसमिस्ड' असं लिहून मिळतं म्हणून गाफील राहू नका. गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने काही अट घातली, तर इमिग्रेशन कायद्याच्या लेखी ती शिक्षाच. म्हणून निकालाच्या एका पानावर भागत नाही. कबुलीचे आणि अटींचे कागदही मागवा.

वैशाली_एडिसन

+१. दुकानातल्या चोरीच्या केसेसमध्ये हेच होतं आणि विद्यार्थ्यांच्या त्या केसेस खूप असतात, सेल्फ चेकआउटमुळे तर अजूनच. न्यू जर्सीत २०० डॉलरखालची शॉपलिफ्टिंग म्युनिसिपल कोर्टात चालते. एडिसनच्या दुकानातली केस असेल तर कागद एडिसनच्या म्युनिसिपल कोर्टात. लोक न्यू ब्रन्सविकला काउंटी कोर्टात जातात आणि 'तुमच्या नावावर काहीच नाही' ऐकून पेढे वाटतात. जर्सीत फेलनी-मिसडिमीनर हे शब्दही नाहीत. त्यांच्या जागी अनुक्रमे 'इंडायटेबल' आणि 'डिसऑर्डर्ली पर्सन्स' असं म्हणतात, आणि त्या दुसऱ्या नावाने लोकांना वाटतं काहीतरी दंगामस्तीचं किरकोळ आहे.

पुण्याची_मावशी

धागा उत्सुकतेने वाचतेय. भाचीला अमेरिकेतलं स्थळ आलंय. मुलगा विस्कॉन्सिनला असतो. त्याचं असं काही आहे का हे मला कोथरूडमध्ये बसून बघता येईल का? नुसतं विचारतेय.

खवचट_खान

मावशी, पत्रिका बघण्याआधी डॉकेट, म्हणजे कोर्टाची खटल्यांची नोंद!

रिचमंडकर

@मावशी, येईल. विस्कॉन्सिनच्या सर्किट कोर्टांची साइट सगळ्यांना खुली आहे, तिथले लोक भाडेकरू ठेवतानाही बघतात. मात्र नावाचा माणूस तोच का हे तपासल्याशिवाय काही बोलू नका. आणि आरोप लागला म्हणजे गुन्हा केला असं नसतं, शेवटचा निकाल वाचा.

सॅनहोजेची_सई

मला हे पटत नाही. कोणीही कोणाचंही आयुष्य असं उघडून बघावं? विशीतली एक चूक आणि कोथरूडपर्यंत बोभाटा? युरोपात असं चालत नाही.

साताऱ्याचा_वकील

सईताई, दुसरी बाजूही आहे. खुल्या न्यायालयात चाललेला खटला लोकांना बघता आला पाहिजे, हे तत्त्व आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या टेपांच्या खटल्यात, न्यायालयीन कागदपत्रं पाहण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा लोकांचा सर्वसाधारण हक्क मान्य केला. टेपा मात्र द्यायला लावल्या नाहीत. म्हणजे हक्क आहे, पण त्याला कुंपणही आहे.

आपल्याकडे पक्षकाराला नक्कल सहज मिळते. अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, आणि मग नक्कल विभागात चकरा. केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर असेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर केसची स्थिती घरबसल्या दिसते. तिऱ्हाइताने मागितली की 'तुमचा संबंध काय' असा प्रश्न येतो. माहिती अधिकारात मागतो म्हणाल तर गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय, नकलेसाठी कोर्टाचे स्वतःचे नियम आहेत, त्याच वाटेने या.

माझ्या अशिलाच्या मुलाने तिकडे काउंटी कोर्टाला 'फोया' खाली अर्ज टाकला होता, आपल्या आरटीआयसारखा. तो कायदा केंद्र सरकारच्या खात्यांचा, त्यात कोर्टं येतच नाहीत. दोन महिने वाट बघत बसला.

सॅनहोजेची_सई

कुंपणाचं म्हणाल तर आमच्या कॅलिफोर्नियात ते आहे, हे कबूल. फौजदारी खटल्यातले कागद सामान्य माणसाला घरून इंटरनेटवर दाखवायचे नाहीत असा कोर्टांचा नियमच आहे. फार तर सूची दिसते. कागद बघायचे तर कोर्टात जाऊन तिथल्या संगणकावर. आणि २०२१ मध्ये रिव्हरसाइडच्या एका खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं की सूचीत जन्मतारीख किंवा लायसन्स नंबर टाकून शोधता येता कामा नये.

भोपाळी_पाटील

हा शेवटचा नियम वाचायला छान, पण आमच्यासारख्यांची पंचाईत करतो. जन्मतारीख नाही तर एका नावाचे पन्नास लोक वेगळे कसे करणार? नोकरी बदलताना माझ्या बॅकग्राउंड चेकमध्ये माझ्याच नावाच्या दुसऱ्या गृहस्थाचं दारू पिऊन गाडी चालवणं आलं. मी आयुष्यात सोलकढीच्या पुढे गेलेलो नाही. एजन्सीला लेखी हरकत घेतली, कायद्याने त्यांना साधारण ३० दिवसांत तपासावं लागतं. त्या काउंटीच्या क्लार्ककडून केसचा कागद काढला, त्यावर आरोपीची जन्मतारीख होती आणि त्यावरून सुटलो. माझ्या नावबंधूचं पुढे काय झालं ही रुखरुख अजून आहे.

नावांबद्दल आणखी. क्लार्क आडनाव, पहिलं नाव, मधलं नाव या क्रमाने शोधतो. आपल्याकडे मधलं म्हणजे वडलांचं. पोलिसाने लिहिताना वडलांचं नाव आडनावाच्या जागी टाकलेलं मी दोन केसेसमध्ये पाहिलंय. आडनावाचा रकाना रिकामा असलेल्या पासपोर्टवाल्यांची तर 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) या नावाने नोंद होते. सगळी रूपं टाकून बघा, स्पेलिंगसुद्धा. डब्ल्यू आणि व्ही ची अदलाबदल नक्की करा.

मधुरा_पूर्वाश्रमीची

आणि लग्नात नाव बदललेल्या बायकांनी काय करायचं? आमच्याकडे आडनावच नाही, तांदळाच्या ताटात पहिलं नावही बदललं. माझं लग्नाआधीचं एक प्रकरण आहे (विचारू नका, पार्किंगवरून सुरू झालं होतं), ते ज्या बाईच्या नावावर आहे ती बाई आता कागदोपत्री अस्तित्वातच नाही. शेवटी क्लार्कला दोन्ही नावं, जन्मतारीख आणि मॅरेज सर्टिफिकेटची प्रत असं एकत्र पाठवलं. क्लार्कने फोन करून विचारलं, 'पहिलं नाव का बदललं?' मी म्हटलं, नवऱ्याच्या आत्याला आवडलं नाही.

खवचट_खान

नाव बदलून फरार होण्याची अधिकृत सोय फक्त आपल्या संस्कृतीत.

जुनाजाणता

पत्राने मागवायची पद्धत कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहितो. काही क्लार्कचा छापील फॉर्म असतो. नसला तर साधं पत्र चालतं. केसच्या वेळचं नाव, आताचं नाव, जन्मतारीख, केस नंबर किंवा निदान वर्ष, आरोप काय होता, आणि 'सर्टिफाइड' प्रत हवी हे ठळक. नाहीतर साधी झेरॉक्स येते आणि पुन्हा पत्र लिहा. सोबत आपलाच पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. पैसे शक्यतो मनी ऑर्डरने, बरीच कोर्टं वैयक्तिक चेक घेत नाहीत.

दर जागोजागी वेगळे. कॅलिफोर्नियात पानाला ५० सेंट, पण शिक्क्याचे ४० डॉलर. शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागलं तर नावामागे १५ वेगळे. किती पानं निघतील ते आधी माहीत नसतं, म्हणून कोऱ्या रकमेचा चेक देऊन त्यावर 'अमुक डॉलरपेक्षा जास्त नको' असं लिहायची पद्धत काही कोर्टं मानतात. पहिल्यांदा तसा चेक पाकिटात घातला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. न्यू यॉर्कला राज्यभरातल्या कोर्टांचा नावावरून शोध हवा असेल तर ९५ डॉलर, आणि एकाच केसचं 'सर्टिफिकेट ऑफ डिस्पोझिशन' हवं असेल तर त्या कोर्टातून थोडक्यात काम होतं. लोक घाबरून ९५ भरतात.

फेडरल केस असेल तर काउंटीशी संबंधच नाही. ते पेसरवर, म्हणजे फेडरल कोर्टांच्या ऑनलाइन दप्तरात, पानाला १० सेंट, तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलात तर माफ.

निवांत

एवढं सगळं करण्यापेक्षा १८ डॉलर भरून एफबीआयचं रेकॉर्ड मागवावं की. बोटांचे ठसे दिले की संपलं.

वैशाली_एडिसन

@निवांत, या वेळी अर्धे बरोबर आहात, प्रगती आहे. काय काय निघू शकतं याचा अंदाज घ्यायला तो कागद चांगला. पण तो ठशांवर चालतो. रस्त्यात समन्स हातात देऊन सोडलं, ठसे घेतलेच नाहीत, तर तिथे नोंद नसू शकते. आणि बरेचदा अटक दिसते, निकाल दिसत नाही. निकालाचा मालक कोर्टच. अटक झाली पण खटला भरलाच नाही अशी केस असेल तर कोर्टातही काही नसतं. मग सरकारी वकिलाच्या ऑफिसकडून 'आरोप दाखल नाही' असं पत्र घ्यायचं.

वाटसरू_९५

अपडेट. @जुनाजाणता, तुमचे पाय कुठे आहेत? २०१२ चा वकिलाचा मेल सापडला. ससेक्स-ग्रीन्सव्हिलची चर्चा झालीच आहे, नाव लिहीत नाही, त्याच पट्ट्यातली एक काउंटी. ऑनलाइन शोधलं तर माझं नाव नाही. आडनाव, वडलांचं नाव, व्ही-डब्ल्यू, सगळं करून पाहिलं. क्लार्कला फोन केला. बाई फार गोड बोलल्या, म्हणाल्या, 'हनी, २०१२? ते आता नाही.'

रिचमंडकर

मला ही शंका होतीच, आधीच लिहायला हवं होतं. जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात मिसडिमीनर आणि ट्रॅफिकचे कागद साधारण १० वर्षं ठेवतात, मग नष्ट. अपील केलं असतं तर फाइल सर्किट कोर्टात गेली असती. तुम्ही केलं नाहीत.

निवांत

म्हणजे मी म्हणत होतो तेच! काहीच नाही.

वैशाली_एडिसन

नाही हो. कागद नष्ट झाला म्हणजे घटना नष्ट होत नाही. वाटसरू, आता त्याच क्लार्ककडून लेटरहेडवर पत्र मागा: या नावाने, या जन्मतारखेने, या वर्षाचा शोध घेतला, मुदत संपल्यामुळे रेकॉर्ड उपलब्ध नाही. सही आणि शिक्का. फोनवरचं 'हनी' फाइलला लावता येत नाही. सोबत वकिलाचा तो जुना मेल, दंडाची पावती किंवा बँकेची नोंद जोडा, अर्जात सगळं खरं लिहा. बाकी तुमच्या वकीलबाई सांगतील तसं.

पुण्याची_मावशी

विस्कॉन्सिनच्या मुलाचं बघितलं. दोनदा वेगात गाडी चालवली, एकदा सीटबेल्ट नव्हता. भाची म्हणते, एवढं तर आपण लक्ष्मी रोडवर रोज करतो. पुढे जायचं ठरलंय.

सॅनहोजेची_सई

मावशी, मुलाला सांगणार का, की तुम्ही हे बघितलंत?

पुण्याची_मावशी

साखरपुड्यानंतर.

वाटसरू_९५

तीन आठवड्यांनी आज पत्र आलं. माझ्याच अक्षरातलं माझ्याच पत्त्याचं पाकीट, क्षणभर कळेना मी मला काय पाठवलंय. दोन ओळींचं आहे. शोध घेतला, कायद्याप्रमाणे मुदतीनंतर नष्ट केलेलं आहे, एवढंच. फी घेतली नाही, मनी ऑर्डर तशीच परत. पत्रात माझ्या वडलांचं नाव आडनावाच्या जागी आहे. चालेल का?

भोपाळी_पाटील

सांगितलं होतं ना!

वैशाली_एडिसन

चालणार नाही. पासपोर्टच्या पानाची प्रत जोडून परत पाठवा आणि नाव दुरुस्त करून मागा. शिक्का उठावाचा आहे का तेही बघा, बोट फिरवून.

वाटसरू_९५

फिरवलं. उठावाचा आहे. पाकीट नवीन आणायला चाललोय.